डॉक्टर म्हणाले ‘चाला’. पण किती, कुठे, आणि गोळ्यांचं काय?

पत्र: माझं वय ४३. बँकेत नोकरी, मुलगा सहावीत. सात आठवड्यांपूर्वी मनोविकारतज्ज्ञांनी मध्यम स्वरूपाचं नैराश्य असल्याचं सांगून एस्सिटॅलोप्राम सुरू केली आणि म्हणाले, ‘रोज झाडीत फिरायला जा.’ भावाने पहिल्याच रविवारी सिंहगड चढायला नेलं. पुढचे दोन दिवस अंथरुणातून उठवेना. मग पहाटे साडेपाचचा गजर लावू लागले. रोज तो बंद करून झोपते आणि दिवसभर स्वतःला बोल लावते. सोसायटीत फेऱ्या मारून पाहिल्या, तर डोक्यात तेच ते विचार, उलट जास्तच. भाऊ म्हणतो, गोळ्यांची सवय लागेल, त्या सोड, टेकडी पुरेशी आहे. चालण्याने खरंच नैराश्य कमी होतं का? किती चालायचं? की माझ्यात तेवढी जिद्दच नाही? — एक वाचक, कोथरूड

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण तोच तुम्हाला सर्वांत जास्त पोखरतोय. हा जिद्दीचा प्रश्न नाही. नैराश्यात माणसाची सुरुवात करण्याची ताकदच आधी जाते. एखादी गोष्ट केल्यावर बरं वाटेल, हा अंदाज मेंदू एरवी आपोआप बांधतो आणि त्या जोरावर आपण उठतो. या आजारात तो अंदाज शून्यावर येतो, त्यामुळे ‘मूड आला की जाईन’ असं ठरवणाऱ्याला मूड येतच नाही. उपचारात म्हणूनच क्रम उलटा लावतात: आधी पाय हलवायचे, मन मागाहून येतं. मानसोपचारात ही रीतसर पद्धत आहे. ठरलेली छोटी कृती ठरलेल्या वेळी करायची, त्या क्षणी इच्छा असो वा नसो. साडेपाचचा गजर आणि सिंहगड ही मात्र छोटी कृती नव्हे. सिंहगडाची आतकरवाडीची वाट धडधाकट माणसाचाही घाम काढते. भावाचा हेतू चांगला होता, मात्रा चुकली.

आता, चालण्याने फरक पडतो का? पडतो, आणि याला आधार आहे. २०२४ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात २१८ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यात नैराश्य असलेली १४,१७० माणसं होती. चालणं किंवा हळू धावणं, योगासनं आणि वजनांचे व्यायाम या तिन्हींनी नैराश्य बऱ्यापैकी कमी झालेलं दिसलं, आणि व्यायाम जितका जोमाचा तितका फायदा जास्त होता. यातल्या अनेक चाचण्या लहान आणि काहीशा कच्च्या होत्या, हे त्याच आढाव्यात नमूद आहे. व्यायामाला मानसोपचार आणि औषधांच्या बरोबरीने उपचारात स्थान द्यावं, असं त्यात म्हटलंय. बरोबरीने म्हणजे सोबत. टेकडीसाठी औषध सोडा, असं त्यात कुठेही नाही.

झाडीत चालण्याबद्दलची दोन संशोधनं तुमच्या कामाची आहेत. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ग्रेगरी ब्रॅटमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली ३८ निरोगी माणसांना ९० मिनिटं चालायला लावलं. निम्म्यांना ओकची झाडं असलेल्या गवताळ भागात, निम्म्यांना वाहत्या मोठ्या रस्त्याच्या कडेने. झाडीतून आलेल्यांचं स्वतःबद्दल तेच ते वाईट घोळवत राहणं कमी झालं आणि त्याच्याशी निगडित असलेल्या मेंदूच्या पुढच्या भागातली हालचालही मंदावली. रस्त्यावरून आलेल्यांत तसा बदल नव्हता. ही माणसं आजारी नव्हती आणि चालणं एकदाच झालं, त्यामुळे यातून फार मोठा निष्कर्ष काढू नये. दुसरा अभ्यास मिशिगनमध्ये मार्क बर्मन यांच्या गटाने २०१२ साली केला. त्यातल्या वीसही जणांना नैराश्याचा आजार होता. चालायला निघण्याआधी त्यांना मुद्दाम एखादी दुखरी आठवण आठवायला सांगितली होती, म्हणजे डोक्यात विचार घेऊनच ती निघाली. तरीही झाडीत पाऊण-एक तास चालून आल्यावर, शहरात चालून आल्यापेक्षा त्यांची मनःस्थिती सुधारली आणि आकडे लक्षात ठेवण्याची क्षमताही वाढली.

सोसायटीतल्या फेऱ्यांनी तुमचे विचार का वाढले, याचं उत्तर यात आहे. रस्त्यावर आणि पार्किंगमध्ये लक्ष सतत ताणून धरावं लागतं: मागून येणारी दुचाकी, वॉचमनची हाक, ‘बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत’ म्हणणारी शेजारीण. थकलेल्या मेंदूत हे लक्ष आधीच अपुरं असतं. दुसरीकडे, तीच भिंत आणि तेच खांब दहाव्यांदा दिसतात तेव्हा डोळ्यांना नवं काही मिळत नाही आणि मन रिकामं सापडतं. झाडीत पानांची हालचाल, पक्ष्यांचा आवाज, सावली यांकडे लक्ष न ताणता, आपसूक जातं आणि ताणलेल्या लक्षाला विसावा मिळतो. मिशिगन विद्यापीठातले स्टीफन आणि रेचल कॅप्लन या पती-पत्नींनी हा विचार मांडला आणि बर्मन यांचा प्रयोग त्याच पायावर उभा आहे.

मग कुठे जायचं? पहिला महिनाभर टेकडी नको. घरापासून पाच मिनिटांत पोचता येईल अशी बाग किंवा जुन्या झाडांचा आतला रस्ता निवडा. थोरात उद्यान जवळ असेल तर उत्तम. महापालिकेच्या बागा दुपारी बंद असतात, वेळ फाटकावर पाहून घ्या. दूरची सुंदर जागा जवळच्या साध्या जागेला हरवते असं वाटतं, पण नैराश्यात रिक्षा शोधणं हीच एक दरी होऊन बसते आणि निघणंच राहून जातं. जागेची परीक्षा सोपी आहे: मान वर केली की निम्म्याहून जास्त आकाश फांद्यांनी भरलेलं दिसतं का, आणि वाहनांपेक्षा पक्षी जास्त ऐकू येतात का? मुंबई-ठाण्यात किंवा नागपुरात राहणाऱ्या वाचकांनीही हीच परीक्षा लावावी. वडा-पिंपळाचा एक जुना रस्ताही चालतो.

वेळेचं म्हणाल तर गजर काढून टाका. बऱ्याच जणांचं नैराश्य पहाटे सर्वांत जड असतं आणि दिवस चढेल तसं जरा हलकं होतं. त्या सर्वांत जड तासाला सर्वांत अवघड काम जोडण्यात शहाणपण नाही. मुलाला शाळेच्या बसपर्यंत सोडायला तुम्ही सकाळी खाली उतरतच असाल. तिथूनच निघा. घरी परत वर जायचं नाही, कारण वर गेलं की चहा, मग फोन, मग पलंग. बूट घालूनच मुलाबरोबर खाली उतरा. रात्रीच ते दाराशी ठेवा, त्यात मोजे खोचलेले, शेजारी अर्धा लिटरची पाण्याची बाटली आणि किल्ली. सकाळी ठरवायला काहीच उरू नये, कारण ठरवण्यातच सगळी शक्ती जाते. मुलाच्या सुटीच्या दिवसांत चालण्याला दुसऱ्या एखाद्या पक्क्या गोष्टीशी बांधा, जसं दूध आणायला जाणं.

सकाळी जमत असेल तर आणखी एक लाभ आहे. घरातल्या दिव्याखाली साधारण १०० ते ३०० लक्स उजेड असतो. बाहेर ढगाळ सकाळीही तो हजारांत जातो आणि उन्हात दहा हजारांच्या पुढे. हा उजेड शरीराचं घड्याळ लावतो आणि रात्रीची झोप सुधारायला मदत करतो. पण सकाळ अजिबात जमली नाही तर बँकेतून परतताना, घरी न शिरता, संध्याकाळी जा. न घडलेल्या सकाळपेक्षा घडलेली संध्याकाळ बरी.

आता मात्रा. इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या २०१९ सालच्या पाहणीत असं दिसलं की आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपलं आरोग्य आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं, मग ती मिनिटं एकदम असोत की तुकड्यांत. ही पाहणी आहे, कारण सिद्ध करणारा प्रयोग नव्हे. तरी पोचायला ठिकाण म्हणून १२० चा आकडा सोयीचा आहे. तुम्ही तिथे सहा आठवड्यांत पोचायचं. पहिल्या आठवड्यात चार दिवस, दहा मिनिटं. दहा मिनिटं झाली की परत फिरा, पुढे जावंसं वाटलं तरी. हे विचित्र वाटेल, पण चांगल्या दिवशी जास्त ओढलं की दुसऱ्या दिवशी अंगात काही उरत नाही, आणि तिसऱ्या दिवशी ‘मला जमत नाही’ हे वाक्य तयार असतं. दुसऱ्या आठवड्यात पंधरा मिनिटं, तिसऱ्या-चौथ्यात वीस, दिवस चारच. पाचव्यापासून रविवारी अर्धा ते पाऊण तास टेकडीवर. चार वेळा वीस आणि रविवारी चाळीस, की १२० झाली. वेग सातव्या आठवड्यापासून वाढवा: चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा. पावलं मोजणारं घड्याळ तूर्त काढून ठेवा. दहा हजारांच्या आकड्याखाली २,३०० दिसले की तेही बोल लावायला एक निमित्त होतं.

दिवस बुडेल. तो बुडणार हे धरूनच चाला. बुडालेल्या दिवसाची भरपाई दुसऱ्या दिवशी करायची नाही; नेहमीचीच मिनिटं चालायची. आणि अगदी वाईट दिवसासाठी एक किमान हप्ता ठरवून ठेवा: चपला घालून खाली उतरणं, जवळच्या झाडाखाली दोन मिनिटं उभं राहणं, परत येणं. हे झालं की त्या दिवसापुढे बरोबरची खूण करायची.

विचारांचं काय करायचं, हा तुमच्या पत्रातला खरा अवघड भाग आहे. चालताना विचार थांबवायचा प्रयत्न करू नका. दाबलेला विचार जास्त जोराने येतो. पहिली चार-पाच मिनिटं त्यांना येऊ द्या. मग कान एखाद्या आवाजावर ठेवा. पुण्यातल्या बागांत उन्हाळ्याच्या तोंडावर तांबट पक्षी तासन्‌तास टुक-टुक-टुक करत असतो. एका दमात तो किती टुक करतो ते मोजा. मग त्याला शोधा. तो चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका असलेला, आणि बहुतेकदा झाडाच्या अगदी शेंड्याला निष्पर्ण काटकीवर बसलेला असतो. टुक करताना डोकं इकडून तिकडे वळवतो, त्यामुळे आवाज दुसरीकडून आल्यासारखा वाटतो आणि तो पटकन सापडत नाही. या शोधात तीन-चार मिनिटं जातात आणि तेवढा वेळ विचारांना जागा मिळत नाही. मधेच विचार परत आलाच तर ‘हा तोच, बॉसच्या बोलण्याचा’ असं मनात नाव देऊन पुढच्या झाडापर्यंत चाला आणि त्याच्या खोडाकडे नीट पाहा: साल गुळगुळीत की भेगांची, मुंग्या वर जाताहेत की खाली. विचाराशी वाद घालायचा नाही, त्याला उत्तरही द्यायचं नाही. वीस मिनिटांत असं पंधरा वेळा परत यावं लागलं तरी ते बिघडणं नव्हे. हे परत येणं हाच सराव आहे. कानात हेडफोन असतील तर यातलं काही घडणार नाही, आणि फोन पिशवीत, आवाज बंद करून.

चालताना रडू आलं तर येऊ द्या, बाकावर बसा, पाणी प्या, मग उरलेली मिनिटं पूर्ण करा. मात्र सलग सात-आठ वेळा चालून आल्यावर आधीपेक्षा वाईट वाटत असेल, तर एकटं जाणं थांबवा. कमी बोलणारं कुणी सोबत घ्या आणि डॉक्टरांना हे सांगा.

एक छोटी वही करा. निघण्याआधी लिहा: आल्यावर किती बरं वाटेल, ० ते १० पैकी. परतल्यावर लिहा: खरंच किती वाटलं. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात २०११ साली असं दिसलं की बाहेर हिरवाईत चालण्याने किती आनंद मिळेल याचा अंदाज विद्यार्थी आधी कमीच बांधत होते. ती निरोगी मुलं होती. नैराश्यात तर अंदाज आणखी खाली घसरतो. दोन आठवड्यांनी दोन्ही रकाने शेजारी शेजारी वाचले की ‘काही उपयोग नाही’ हे वाक्य कितपत खरं आहे ते तुमच्याच अक्षरात दिसेल. दर पंधरा दिवसांनी एकदा, नैराश्य किती आहे ते मोजणारी नऊ प्रश्नांची ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावलीही भरा. डॉक्टरांकडे ती मराठीत मिळू शकेल. गुण २७ पैकी असतात. पाच गुणांनी घट म्हणजे दखल घेण्याजोगी सुधारणा. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या विचारांच्या प्रश्नाला, ‘कधीच नाही’ सोडून दुसरं काही उत्तर आलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

पाचव्या आठवड्यात टेकडीकडे वळाल तेव्हा वेताळ टेकडीला पौड रोडकडून एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या रस्त्याने जा. गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे चढण टळते आणि वर सपाटीवर चालता येतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर पळस आणि काटेसावर फुललेली असते, मोरांचा आवाजही येऊ शकतो. वर्दळीच्या वेळी जा, दागिने घरी ठेवा, अंधाराआधी खाली या, खाणीच्या कडेला जाऊ नका. पावसाळ्यात कातळावर शेवाळ असतं, तेव्हा बागच बरी. दोन सरींमधली उघडीप पकडायची, आणि पाऊस लागूनच राहिला तर छत्री घेऊन दहा मिनिटं. पावसाळ्याच्या त्या तीन-चार महिन्यांत अनेकांचं चालणं कायमचं सुटतं, म्हणून त्या काळाची जागा जूनच्या आधी ठरवून ठेवा.

औषध आणि चालणं एकत्र आलं की काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. तुमच्या गोळीने काहींना जास्त घाम येतो, सुरुवातीला मळमळतं, उठल्यावर गरगरतं. म्हणून एकदम उठून निघू नका, आधी थोडं खा. सकाळी अकरा ते चार उन्हात चालू नका. जे वाचक लिथियम (मनःस्थितीचे चढउतार आवरणारं औषध) घेतात त्यांनी तर याची फार काळजी घ्यावी, कारण घामाने शरीर कोरडं पडलं की रक्तातलं लिथियम धोकादायक पातळीला चढू शकतं. हात थरथरणं, तोल जाणं, जुलाब-उलट्या अशी लक्षणं दिसली तर लगेच दवाखाना गाठायचा. आणि थोडं चालूनच धाप लागत असेल, तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासलंय का हे विचारा. रक्त कमी असताना ‘चाला चाला’ म्हणणं हा अन्याय आहे.

आता गोळ्या. एस्सिटॅलोप्रामची दारूसारखी ओढ लागत नाही. मात्रा वाढवत नेण्याची तल्लफ तिच्यात नसते. पण ती अचानक थांबवली तर गरगरणं, चिडचिड, झोप उडणं, डोक्यात वीज चमकल्यासारख्या झिणझिण्या असा त्रास होऊ शकतो, आणि लोक यालाच ‘सवय लागली’ समजतात. म्हणूनच ती थांबवताना डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. पहिल्या वेळच्या नैराश्यात पूर्ण बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी गोळी चालू ठेवतात, कारण आधी सोडली तर आजार उलटण्याची शक्यता जास्त असते. सात आठवडे गोळी घेऊनही फरक अगदीच थोडा असेल, तर तो डॉक्टरांशी बोलायचा विषय आहे: मात्रा बदलायची की औषध, की जोडीला मानसोपचार. वही बरोबर न्या, म्हणजे ‘बरं वाटतंय का?’ला ‘ठीक आहे’ एवढंच उत्तर निघणार नाही.

मरावंसं वाटणं, दोन-तीन दिवस जेवण-झोप पूर्ण सुटणं, कुणी नसताना आवाज ऐकू येणं, किंवा याच्या उलट, अचानक प्रचंड उत्साह येऊन झोपेची गरजच न वाटणं, यांपैकी काहीही झालं तर चालण्याचा बेत बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. रात्री-अपरात्री कुणी मिळालं नाही तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फोन मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

आणि भाऊ. त्याच्याशी गोळ्यांवरून वाद घालण्यात तुमची शक्ती घालवू नका. पुढच्या भेटीला त्याला डॉक्टरांकडे बरोबर न्या, त्याच्या शंका त्यालाच विचारू द्या. त्याला मदत करायची आहे हे पत्रातून स्पष्ट दिसतं, तर काम नेमून द्या: पाचव्या आठवड्यापासून दर रविवारी सकाळी साडेसातला तो गाडी घेऊन येईल, चाळीस मिनिटं तुमच्या वेगाने चालेल, ‘अजून थोडं’ म्हणणार नाही आणि औषधाचा विषय काढणार नाही.